नहेम्याची भिंत आणि नजाशीचा दरबार

उर्दूच्या तासाला हबशाच्या हिजरतीचा विषय निघाला होता. मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमानांची एक छोटी तुकडी समुद्र ओलांडून गेली, तिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, तिला आसरा दिला, असं सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "सर, नजाशी ख्रिस्तीच होता ना? मग अमेरिकेतले ख्रिस्ती लोक आपल्यालाच का अडवतात?"

"ते राजकारण आहे बेटा," असं म्हणून मी पुढे गेलो. पण उत्तर अर्धवट होतं, हे मलाच ठाऊक होतं. अडवणाऱ्यांपैकी कित्येक जण धार्मिक आहेत, रोज बायबल वाचणारे आहेत आणि आपण धर्माला धरूनच बोलतो आहोत असं ते मनापासून मानतात. त्यांचं म्हणणं नेमकं काय, हे समजून न घेता त्यांना ढोंगी ठरवणं सोपं आहे. आपल्या धर्माबद्दल लोक असंच करतात तेव्हा आपल्याला किती लागतं! म्हणून थोडं वाचलं. जे हाती लागलं ते आपल्यासमोर ठेवतो.

सुरुवात एका प्रवचनापासून करू. 20 जानेवारी 2017. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीची सकाळ. व्हाइट हाउसजवळच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये डॅलसचे बाप्टिस्ट पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी प्रवचन दिलं. विषय होता बायबलमधला नहेम्या. इराणच्या बादशहाच्या दरबारातला हा यहुदी सेवक इ.स.पूर्व 445 च्या सुमारास यरुशलेमला परतला आणि शहराचा पडलेला कोट त्याने 52 दिवसांत उभा केला. जेफ्रेस यांचा आशय असा की, राष्ट्र उभारताना देवाने नहेम्याला पहिलं काम दिलं ते भिंतीचं; देव भिंतींच्या विरोधात नाही. बरोबर सात दिवसांनी, 27 जानेवारीला, इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा आदेश निघाला. सीरियाच्या निर्वासितांना तर बेमुदत बंदी झाली.

या विचाराच्या मुळाशी जे धार्मिक युक्तिवाद आहेत, ते साधारण चार. पहिला, राष्ट्रं आणि त्यांच्या सीमा ही देवाचीच योजना आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात संत पौल अथेन्सच्या लोकांना सांगतो की, देवाने एकापासून सर्व राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांचे काळ व वस्तीच्या सीमा ठरवून दिल्या. दुसरा, रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा 13 वा अध्याय: सत्ताधीश देवाने नेमलेला असतो, त्याच्या हाती तलवार उगीच दिलेली नाही, म्हणून कायदा पाळा. तिसरा, क्षमा आणि दया हा व्यक्तीचा आणि चर्चचा धर्म. सुरक्षा आणि न्याय हा राज्याचा. मी माझ्या घरात कुणालाही जेवू घालीन, पण राजाने शहराचे दरवाजे रात्री उघडे ठेवू नयेत.

चौथा युक्तिवाद अभ्यासकाचा आहे. जेम्स हॉफमायर हे इजिप्तच्या पुरातत्त्वाचे जाणकार. 2009 मध्ये त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं. परक्यावर प्रेम करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, अशी आज्ञा जुन्या करारात पुन्हा पुन्हा येते. हॉफमायर म्हणतात, त्या आज्ञेतला हिब्रू शब्द 'गेर' आहे, आणि 'गेर' म्हणजे परवानगीने येऊन राहिलेला. नुसत्या परदेशी माणसाला हिब्रूत 'नोखरी' हा वेगळा शब्द आहे. याकोबाच्या मुलांनीसुद्धा मिसरमध्ये राहण्यासाठी फारोची परवानगी मागितली होती. अदोमच्या राजाने इस्राएल लोकांना आपल्या हद्दीतून जाऊ दिलं नाही, तेव्हा ते वळसा घालून गेले.

हा भेद मराठी माणसाला चटकन कळावा. मराठी बायबलमध्ये 'गेर'साठी 'उपरी' हा शब्द येतो. आपल्याकडच्या जुन्या महसुली व्यवस्थेत गावाची रयत दोन प्रकारची असे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क. उपरी बाहेरून येऊन कसणारा, हक्क नसलेला, पण गावाला ठाऊक असलेला. हॉफमायर यांचा 'गेर' काहीसा असा उपरी आहे. युक्तिवाद पोकळ नाही. पण त्याला उत्तरही त्यांच्याच घरातून आलं. डॅनियल कॅरोल हे जुन्या कराराचे इव्हँजेलिकल अभ्यासक. त्यांची आई ग्वाटेमालाची. 2008 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून केली. कायद्याच्या आधी माणूस येतो, आणि माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला आहे, असं उत्पत्तीचा पहिलाच अध्याय सांगतो. अब्राहाम, याकोब, रूथ, आणि हेरोदाच्या भीतीने मिसरला नेलेलं बाळ येशू हे सगळे स्थलांतरितच होते.

म्हणजे ग्रंथ एकच, वाचणारे दोन. कोण काय वाचतो, हे पुष्कळदा तो भिंतीच्या कुठल्या बाजूला उभा आहे यावरून ठरतं. अमेरिकेच्या इतिहासात याचे दाखले पावलोपावली सापडतात.

1844 सालचं फिलाडेल्फिया घ्या. पुढे चार दशकांनी आपल्या आनंदीबाई जोशी जिथे डॉक्टर झाल्या, तेच हे शहर. तिथे आयर्लंडहून कॅथलिक लोक मोठ्या संख्येने येत होते. शाळांत प्रोटेस्टंट बायबल वाचलं जाई. आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या, अशी मागणी बिशप केनरिक यांनी केली. त्यातून अफवा उठली की कॅथलिक लोक शाळेतून बायबलच हद्दपार करणार. मे महिन्यात दंगली पेटल्या, माणसं मेली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन कॅथलिक चर्चं जाळली गेली. तेव्हाचे आरोप ऐकले की कान टवकारतात: यांची निष्ठा देशाशी नाही, परदेशी धर्मगुरूशी आहे, यांना लोकशाही कळत नाही, यांची संख्या वाढतेच आहे. पुढच्या दशकात 'नो नथिंग' नावाने ओळखला गेलेला पक्ष उभा राहिला. परदेशातून आलेल्याला नागरिकत्वासाठी 21 वर्षं थांबवा, अशी त्याची मागणी होती. आज हेच आरोप कुणावर होतात, हे सांगायला नको.

1850 च्या दशकात रोमकरांस पत्राचा तोच 13 वा अध्याय पुन्हा व्यासपीठावर आला. पळून आलेल्या गुलामाला धरून मालकाकडे परत पाठवा, असा कायदा 1850 मध्ये झाला होता. सत्तेची आज्ञा पाळा, असं एका बाजूचे पाळक सांगत. दुसऱ्या बाजूचे 'अनुवाद' या पुस्तकाचा 23 वा अध्याय काढून दाखवत: धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या हवाली करू नकोस.

1882 मध्ये चिनी मजुरांवर बंदी आली. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. 1924 च्या कायद्याने देशवार कोटा ठरवला, तो 1890 च्या जनगणनेतल्या संख्येच्या 2 टक्के. इटलीचे कॅथलिक आणि पूर्व युरोपचे यहुदी मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर, म्हणून मुद्दाम जुनी जनगणना धरली. आशियाला तर दार जवळजवळ बंदच. ही कोटा पद्धत 1965 च्या कायद्याने गेली. आज पुण्या-मुंबईच्या ज्या घरांत अमेरिकेतल्या मुलाचा फोटो भिंतीवर लावलेला असतो, त्यांनी 1965 हे साल लक्षात ठेवावं. तो कायदा झाला नसता, तर ती वाट उघडली नसती.

आता अलीकडची गोष्ट. 2018 च्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या सीमेवर आईबापांपासून मुलं वेगळी केली जात होती. काही आठवड्यांत दोन हजारांहून अधिक. 14 जूनला अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी या धोरणाच्या समर्थनार्थ पुन्हा तोच रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय पुढे केला. पण या वेळी पुराणमतवादी गोटातूनच विरोध झाला. ट्रम्प यांचे पाठीराखे फ्रँकलिन ग्रॅहम यांनी हा प्रकार लाजिरवाणा म्हटला. सदर्न बाप्टिस्ट परिषदेने त्याच आठवड्यात ठराव केला: सीमा सुरक्षित ठेवा, पण कुटुंबं तोडू नका. त्याआधी, 2017 च्या बंदीच्या वेळीही, शंभरेक इव्हँजेलिकल नेत्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन निर्वासितांसाठी दार उघडं ठेवण्याची विनंती केली होती. मुसलमान निर्वासितांना विमानतळावर उतरवून घेणारे, घर शोधून देणारे, मुलांना शाळेत घालणारे हात पुष्कळदा चर्चच्या संस्थांचेच असतात. ही बाजू आपल्या व्हॉट्सॲप गटांत येत नाही.

जानेवारी 2025 मध्ये उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी एक जुनी कल्पना पुढे आणली. प्रेमाला क्रम असतो: आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देशबांधव, आणि त्यानंतर उरलेलं जग. ही कल्पना संत ऑगस्टीनची. व्हान्स स्वतः कॅथलिक. ज्या ऑगस्टीनच्या नावाचं चर्च 1844 मध्ये परक्यांचं म्हणून जाळलं गेलं, त्याचंच नाव आता परक्यांना थोपवण्यासाठी घेतलं गेलं. 10 फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून उत्तर दिलं: प्रेमाचा खरा क्रम चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात शोधा. त्या गोष्टीत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला उचलतो तो परका, परपंथाचा वाटसरू.

इथे मला आपल्या घरात डोकवावंसं वाटलं. प्रेमाला क्रम असतो हे आपणही मानतोच. नातेवाइकाला दिलेल्या सदक्याचं पुण्य दुहेरी, दानाचं आणि नातं जोडल्याचंही. सूरह निसामध्ये सद्वर्तनाच्या हक्कदारांची यादी आईवडिलांपासून सुरू होते. पण ती तिथे थांबत नाही. नात्यातला शेजारी, मग परका शेजारी, आणि पुढे वाटसरू. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटसरू आहे. थॉमस ॲक्वायनस यांनी सातशे वर्षांपूर्वी हेच ताडलं होतं. आपल्यांचा हक्क आधी, पण परका प्राणांतिक गरजेत असेल आणि बापाची गरज तितकी नसेल, तर परक्याकडे आधी धावावं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. क्रम हा सुरुवात कुठून करायची ते सांगतो. कुठे थांबायचं याची परवानगी तो देत नाही.

मग आपला हिशेब काय? 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात सहा धर्मांची नावं आली आणि आपलं वगळलं गेलं, तेव्हा आपण म्हणालो, आसरा देताना धर्म पाहू नये. बरोबर म्हणालो. पण ऑक्टोबर 2023 मध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना 1 नोव्हेंबरपर्यंत निघून जाण्यास सांगितलं आणि लाखो अफगाण माणसं परत गेली. त्यांतल्या कित्येकांचा जन्मच पाकिस्तानातला. दोन्ही बाजूंना कलमा पढणारे. आखातातल्या श्रीमंत राजवटींनी 1951 च्या निर्वासित करारावर आजही सही केलेली नाही. आपल्या देशानेही केलेली नाही. ट्रम्पच्या भिंतीवर बोलणारे आपण या गोष्टींवर किती बोललो? अन्सारांनी मुहाजिरांना आपल्या घरात, मळ्यात वाटा दिला, हे आपण दरवर्षी जलशात ऐकतो. तो इतिहास इतरांना ऐकवण्यापुरताच उरला असेल, तर आपणही ग्रंथ भिंतीची बाजू पाहूनच वाचतो, असं म्हणावं लागेल.

नहेम्याबद्दल एक गोष्ट राहिली. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तो निघण्यापूर्वी बादशहाकडे पत्रं मागतो, वाटेतल्या सुभेदारांनी मला सुखरूप जाऊ द्यावं म्हणून. भिंत बांधणारा तो माणूस स्वतः निर्वासितांच्या वंशातला होता, आणि कुणीतरी वाट दिली म्हणून पोहोचला. पाचव्या अध्यायात भिंतीचं काम चालू असतानाच तो आपल्या श्रीमंतांना झापतो, कारण त्यांनी कर्जापायी गरिबांची मुलं गुलाम केली होती. भिंतीच्या प्रवचनात ही दोन पानंही वाचायला हवीत.

त्या मुलाला नंतर मी नजाशीची गोष्ट पुन्हा सांगितली, पूर्ण. मक्केच्या कुरैशांनी अम्र बिन आस यांना नजराणे देऊन पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं कायद्याचं होतं: ही आमची बहकलेली, पळून आलेली माणसं आहेत, आमच्या हवाली करा. नजाशी राजा होता. त्याला हद्द होती, सत्ता होती, हातात तलवार होती. त्याने आधी पळून आलेल्यांना बोलावून त्यांची बाजू ऐकली. हजरत जाफर (रजि.) बोलले, त्यांनी सूरह मरयम ऐकवली. मग त्याने निकाल दिला आणि नजराणे परत केले.

"म्हणजे सर, त्याने आधी ऐकून घेतलं," मुलगा म्हणाला.

हो, एवढंच. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला परत पाठवू नये. हे नजाशीला ख्रिस्ती असूनच जमलं, आणि आपल्याला मुसलमान असून जमायला हवं.