प्रायमर, विमान एंजिनाचा

थंड पेट्रोल एंजिन सुरू करण्यापूर्वी त्याच्या सिलिंडरांत किंवा अंतर्ग्रहण मार्गात मोजके जादा इंधन सोडणाऱ्या साधनास प्रायमर म्हणतात. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. वजनाने सु. १५ भाग हवा व १ भाग बाष्परूप पेट्रोल हे मिश्रण चांगले जळते. थंडीत मात्र पेट्रोलातील हलके घटकच तेवढे बाष्परूप होतात व उरलेले इंधन नळ्यांच्या थंड भिंतींवर द्रवरूपात राहते. शिवाय एंजिन हळूहळू फिरविले जात असताना कार्ब्युरेटरमधून वाहणाऱ्या हवेचा वेग फारच कमी असतो व तिच्या चोषणाने पुरेसे इंधन ओढले जात नाही [⟶ कार्ब्युरेटर]. म्हणून आरंभापुरते इंधन वेगळ्या मार्गाने द्यावे लागते. ते कोठे, किती व कोणी द्यावे या प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, हाच प्रायमरचा इतिहास होय.

इतिहास : ऑर्व्हिल व विल्बर राइट या बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या विमानाचे सु. १२ अश्वशक्तीचे एंजिन त्यांचे कारागीर चार्ल्स टेलर यांनी बनविले होते. ते सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरात पेट्रोलचे काही थेंब टाकीत. फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी तयार केलेल्या नोम या चक्री एंजिनात पंख्याबरोबर सिलिंडरही फिरत. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) अशा एंजिनांचे एकेक सिलिंडर सोयीच्या जागी आणून त्याच्या उघड्या निष्कास झडपेतून यांत्रिक पिचकारीने पेट्रोल सोडी व नंतर पंखा हाताने फिरवी. मात्रा त्याच्या अंदाजावर अवलंबून असे आणि हे सर्व काम पंख्याच्या अगदी जवळ उभे राहून करावे लागे.

१९२८ च्या सुमारास मुंबईसह भारतातील फ्लाइंग क्लबांत ब्रिटिश मॉथ विमाने आली. या जातीच्या विमानांत कार्ब्युरेटरची छोटी कळ दाबून त्यातून पेट्रोल ठिबकेपर्यंत ते भरीत. मग ठिणगीचा स्विच बंद ठेवून पंखा काही वेळा फिरवीत, म्हणजे ओले मिश्रण सिलिंडरांत ओढले जाई. उबदार हवामानात हा साधा उपाय पुरेसा ठरे.

मोठ्या एंजिनांना व थंड प्रदेशांना तो पुरेसा नव्हता. त्यामुळे इंधन देण्याचे काम वैमानिकाच्या कक्षात आले. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानात हातपंपाने अंतर्ग्रहण मार्गात पेट्रोल सोडीत. हवेच्या तापमानानुसार पंपाच्या किती धावा द्याव्यात, याचे कोष्टक वैमानिकांच्या पुस्तिकेत असे आणि ०° से. खाली अधिक बाष्पनशील इंधन वापरण्याची सूचना असे. यांत्रिकाच्या अंदाजाची जागा अशा प्रकारे मोजलेल्या मात्रेने घेतली. पायपर कब (जे-३) सारख्या लहान विमानांतही हातपंप आला. तथापि त्याचा पंखा हातानेच फिरवावा लागे.

रचना व बसवणी : हातपंपात एक नळकांडे, दांड्याला जोडलेला दट्ट्या व इंधन एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. इंधन गाळणीपासून घेतलेली नळी आगरोधक पडद्यातून पंपापर्यंत येते आणि दुसरी नळी तेथून परत एंजिनाकडे जाते. तेथे तिला फाटे फोडून सर्व किंवा काही सिलिंडरांच्या अंतर्ग्रहण झडपेजवळ बारीक तोटी बसवितात. यासाठी पुष्कळदा सु. ३ मिमी. व्यासाची तांब्याची नळी वापरतात. सततच्या कंपनाने तांबे कठीण होऊन तडकते. म्हणून नळीला लवचिकपणासाठी वेटोळे देतात व ती रबरी अस्तराच्या पकडींनी बांधतात.

तोटी झडपेजवळ ठेवण्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे. अनेक लहान एंजिनांत कार्ब्युरेटर एंजिनाखाली असतो. प्रायमरऐवजी थ्रॉटल वारंवार ढकलून इंधन दिले, तर मंद हवेबरोबर ते वर न जाता खाली हवापेटीत साचते आणि एंजिनाने उलट भडका घेतल्यास पेट घेते. अशा वेळी एंजिन फिरवीत राहून ज्वाला आत ओढून घेणे व इंधन बंद करणे हा प्रथमोपाय असतो.

प्रायमर हा स्वतःही धोक्याचा मार्ग होऊ शकतो. वापरानंतर दांडा आत ढकलून व फिरवून पक्का न केल्यास अंतर्ग्रहण मार्गातील निर्वात पंपातून पेट्रोल ओढत राहतो. थ्रॉटल मिटलेला असताना हा निर्वात सर्वाधिक असतो. त्यामुळे उतरण्याच्या वेळी, म्हणजे उंची कमी असताना, मिश्रण अतिसमृद्ध होऊन एंजिन अडखळते किंवा बंदही पडते. नळी तडकल्यास एरवी तिच्यातून हवा आत शिरून त्या सिलिंडराचे मिश्रण विरळ होते आणि पंप चालविल्यावर पेट्रोल एंजिनावर उडते. म्हणून नवीन बसवणीत प्रत्येक सांध्याची गळती तपासणे अत्यावश्यक असते.

नंतरचा विकास : हातपंपाऐवजी विजेवर उघडणारी झडप बसविल्यास पेट्रोलची नळी चालककक्षात आणावी लागत नाही. १९९६ पासून निघालेल्या सेस्ना १७२ विमानांत इंधन अंतःक्षेपण पद्धतीचे एंजिन असल्याने वेगळा प्रायमर नाही. विजेचा पंप नेहमीच्या तोट्यांतूनच आरंभीचे इंधन देतो. २०१२ साली आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएस एंजिनात इंधनाची मात्रा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या व हौशी बांधणीच्या विमानांत मात्र हातपंप अद्याप वापरात आहे. तेथे किती इंधन द्यावे याचा निर्णय व दांडा पक्का करण्याची जबाबदारी वैमानिकाचीच राहिली आहे.