चैन : एका शब्दाचा आणि एका टोचणीचा इतिहास

१

गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात एका जमीनदारीचे ठाणे म्हणून येते. १८१८ साली येथील चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावाची नोंद इतिहासकारांनी घेतलेली आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र या गावाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटते. कामठा ज्या टापूत मोडते तो मराठी आणि हिंदी यांच्या सरहद्दीवरचा आहे. पोवारी, लोधी, झाडीबोली, हिंदी आणि प्रमाण मराठी या साऱ्यांचा वावर तेथे एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच घरातही असतो. हा प्रदेश १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा तर १९९९ साली झाला. राजकीय सीमा अशा हलत राहिल्या तरी दोन भाषांतील शब्दांची देवघेव थांबली नाही. अशा ठिकाणी एकच शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो, आणि त्या दोन अर्थांमधील अंतर मोजले असता समाजाच्या मनाचा काही थांग लागतो.

‘चैन’ हा असा एक शब्द आहे. हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी चैन म्हणजे स्वस्थता, जिवाला मिळणारा विसावा. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी चैन म्हणजे गरजेपलीकडचा उपभोग, आणि बहुधा न परवडणारा उपभोग. ‘चैन से बैठो’ हे आतिथ्य होय. ‘चैन करू नकोस’ हा उपदेश होय. विशेष असे की, मराठीने पहिला अर्थ टाकून दिलेला नाही. ‘मुलगा घरी येईपर्यंत जिवाला चैन पडत नाही’ असे आपण आजही म्हणतो. म्हणजे जी गोष्ट ‘पडत नाही’ म्हणून आपण व्याकूळ होतो, तीच कोणी ‘करू’ लागला की आपण त्याला दोष देतो.

अल्प उत्पन्नाच्या माणसाने स्वतःसाठी एखादी लहानशी वस्तू घ्यावी – एक पेला चहा, एक विडा, काचेच्या बांगड्या, जत्रेतली जिलेबी – आणि मग तिचा आनंद भोगण्याऐवजी मनाशी हिशेब करीत बसावे, हा अनुभव आपल्याकडे सर्वपरिचित आहे. घरी किंमत दोन पैसे कमी सांगणे, वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवणे, ‘मिळाली स्वस्तात’ अशी पुस्ती जोडणे, या त्या टोचणीच्या खुणा होत. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी घरात आलेल्या प्रत्येक बांगडीची किंमत अशीच थोडी उतरवून सांगितली जाई, आणि ऐकणारेही ते जाणून असत. ही टोचणी कोठून येते? ती मनुष्याच्या सदसद्विवेकाचीच वाणी आहे, की तिलाही काही इतिहास आहे? या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. उपभोगासंबंधीचे आपले कित्येक नित्याचे शब्द फारसीच्या द्वारे अरबीतून आलेले आहेत, आणि वाटेत त्यांचे अर्थ लक्षणीय रीतीने पालटले आहेत. ‘ऐष’ हा शब्द घ्या. अरबीत त्याचा मूळ अर्थ जगणे, जीवन असा आहे. इजिप्तच्या बोलीत तर तो नित्याच्या भाकरीचे नाव आहे. मराठीत येईतो तो ‘आराम’ या शब्दाच्या जोडीला बसून विलासाचा वाचक झाला. उलटपक्षी ‘गरज’ या शब्दाचा मूळ अर्थ हेतू, उद्देश एवढाच. मराठीत तो निकडीचा, टाळता न येण्याजोग्या आवश्यकतेचा वाचक बनला. एका भाषेत भाकरीचे नाव असलेला शब्द दुसऱ्या भाषेत विलासाचे नाव होतो आणि केवळ उद्देश दाखविणारा शब्द निकड दाखवू लागतो, यावरून गरज आणि चैन यांमधील रेषा निसर्गाने आखून दिलेली नाही एवढे तरी दिसून यावे.

‘हौस’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. मूळचा ‘हवस’ हा शब्द वेड, अनावर लालसा या अर्थाचा आहे आणि हिंदीत तो अद्याप निंदाव्यंजकच आहे. मराठीने मात्र त्याला मायेने घरात घेतले. हौसेने केलेला स्वयंपाक, हौशी मंडळींचे नाटक, नातवाची हौस पुरविणे, यांत निंदेचा लवलेशही नाही. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण तर हिशेबालाच रजा देते. पण तीच भाषा ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असेही बजावते, आणि ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ असे म्हणून हसते. या म्हणींत वरवर दिसणारा विरोध खरा नाही. त्या निरनिराळ्या माणसांना उद्देशून आहेत. ज्याचे अंथरूण लांबरुंद आहे त्याच्या खर्चाला आपण हौस म्हणतो. ज्याचे आखूड आहे त्याच्या तेवढ्याच, किंबहुना त्याहून कितीतरी लहान खर्चाला चैन म्हणतो. कृती एकच असता कर्त्याच्या ऐपतीप्रमाणे शब्द बदलतो.

तथापि शब्दार्थांतील बदल हा एकटाच सामाजिक इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही. तो अनुमानाला दिशा देतो. निर्णयासाठी लेखी साधनांकडेच वळावे लागते.

३

गरिबाच्या खर्चाविषयीची विपुल लेखी साधने आपल्याकडे इंग्रजी अमदानीत निर्माण झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली आणि दंगे आसपासच्या गावांत पसरले. त्यांची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या आयोगाने पुढील वर्षी आपला अहवाल दिला. कुणबी कर्जबाजारी होतो तो लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे, असा त्या काळच्या अधिकारी वर्गात सरसकट समज होता. आयोगाने तो तपासला आणि त्याला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. अधूनमधून येणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढावी लागणारी लहान लहान कर्जेच बोजा वाढवितात, असे त्याला आढळले. म्हणजे शेतकऱ्याला बुडविणारी रक्कम जगण्याच्या खात्यावर पडली होती, चैनीच्या नव्हे.

या निष्कर्षाचा परिणाम कायद्यावर थोडाफार झाला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्याच प्रक्रियेतून आला. समजावर मात्र तो झाला नाही. ‘उधळ्या कुणबी’ ही आकृती पुढील कित्येक अहवालांतून, वर्तमानपत्रांतून आणि शाळेच्या धड्यांतून वावरत राहिली. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात या आकृतीला जे उत्तर दिले ते शब्दाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. शेतकऱ्याच्या घरचा धार्मिक खर्च हा त्याच्या लहरीचा नसून जन्मापासून मरणापर्यंत त्याच्यावर लादलेला आहे, असे त्यांनी दाखविले; आणि ऐषआराम हा शब्द त्यांनी योजिला तो सरकारी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. आरोपाचा शब्द आरोप करणाऱ्यांच्याच दिशेने फिरविण्याचे हे आपल्या भाषेतील एक ठळक उदाहरण आहे.

पुढचे महत्त्वाचे साधन म्हणजे १९२१-२२ साली मुंबईच्या कामगार कचेरीने केलेली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी नियमांनी ठरविलेल्या कमाल शिध्याइतके, पण तुरुंगातील कैद्याला मिळणाऱ्या शिध्याहून कमी, असे तिच्यात आढळले. पाहिलेल्या कुटुंबांपैकी ४७ टक्के कर्जात होती, आणि व्याजाचा दर बहुधा रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के पडे. धान्य, कपडा, भाडे, जळण यांत न बसणारे सारे काही ‘किरकोळ’ या सदरात गेले होते. पानसुपारी आणि तंबाखू त्यातच, गावी जाण्याचे भाडे त्यातच, आणि सावकाराचे व्याजही त्यातच. ज्या सदरात विडा आणि व्याज शेजारी बसतात, ते सदर फुगलेले दिसले की वरवर पाहणारा वाचक दोष विड्याला देतो. हिशेबाच्या मांडणीनेही मनाची टोचणी घडते ती अशी.

४

आता कामठ्याच्या परिसराकडे परत येऊ. जमीनदारी आणि मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली. तत्पूर्वीच या भागात रोख पैशाची निराळी वाट उघडली होती. रेल्वेमुळे गोंदिया हे मोठे जंक्शन झाले. भोवतालच्या जंगलात तेंदूपत्ता विपुल होता. त्यांच्या आधारे विसाव्या शतकात विडीचा धंदा येथे फोफावला आणि गावोगावच्या घरांतून, विशेषतः स्त्रियांच्या हातांनी, विड्या वळल्या जाऊ लागल्या. ही मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळे. सदोष म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम वाया जात. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात या धंद्याचा समावेश झाला, १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परंतु मजुरीची गणना नगावरच राहिली.

नगावारी मजुरीचा मनावर होणारा परिणाम निराळा असतो. मासिक पगारदाराला एका चहाची किंमत पैशांत दिसते. विडी वळणाऱ्या बाईला ती विड्यांत दिसते. एका चहाला इतक्या विड्या, जत्रेतल्या एका पाळण्याला इतक्या, बांगड्यांच्या जोडीला संध्याकाळपर्यंतच्या साऱ्या. प्रत्येक लहान सुखाच्या मागे बोटांच्या हालचालींची एक मोजता येणारी संख्या उभी राहते. टोचणीला इतके नेमके माप फार थोड्या व्यवसायांत लाभले असेल. आणि यातील विसंगती अशी की, ही बाई जी वस्तू तयार करीत असते ती दुसऱ्या कोणा गरिबाची चैनच असते. देशभरातील हमाल, शेतमजूर आणि गाडीवाले दिवसातून चार वेळा विसाव्यासाठी जी विडी ओढीत, तिच्यावर या घरांची चूल पेटे. विडीने शरीराची जी हानी होते ती आज सर्वांना ठाऊक आहे आणि तिचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. मुद्दा इतकाच की, गरिबाची लहान सुखे एकमेकांच्या मजुरीवर उभी असतात, आणि ‘किरकोळ’ म्हणून त्यांना बाजूस सारणाऱ्या हिशेबाला हे दिसत नाही.

५

गरजेची रेषा कोठे ओढावी, हा प्रश्न अर्थशास्त्रालाही जुनाच आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहिले की, तागाच्या कापडाचा सदरा जगण्यास काटेकोरपणे आवश्यक नाही. परंतु त्याच्या काळी साध्या मजुरालाही तो घातल्यावाचून चारचौघांत जाण्याची लाज वाटे, म्हणून तो गरजेतच धरला पाहिजे. आपल्याकडे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची जी कसोटी ठरविली तीत उष्मांक मोजले गेले, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड धरले गेले, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ मिळून २० टक्के राखले गेले. किरकोळ हे सदर येथेही होतेच. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात या कसोटीत आणखी २५ टक्क्यांची भर घातली आणि मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण व विवाह यांची तरतूद यांबरोबर सणसमारंभांसह किमान करमणुकीचाही स्पष्ट उल्लेख केला. १८७५ च्या सुमारास ज्या सणाला उधळपट्टी म्हटले जात होते, तो शंभराहून अधिक वर्षांनी वेतनाचा एक हक्काचा भाग ठरला. निर्णय कागदावर आला म्हणून मजुरी हातात आली असे नव्हे. तरीही शब्द बदलला, आणि शब्द बदलणे ही लहान गोष्ट नव्हे.

या विवेचनावरून काटकसर व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरात एकाच्या दारूने पोरांचे दूध तुटते तेथे टोचणी असलीच पाहिजे, आणि दुर्दैवाने तेथेच ती बहुधा नसते. म्हणून दोन टोचण्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक, आपल्या ताटात जेवणाऱ्या माणसांविषयीची. तिचा उगम मायेत आहे आणि तिच्यावाचून कुटुंब टिकणार नाही. दुसरी, बाहेरून आलेली. ज्यांनी गरिबाच्या घरचा हिशेब स्वतः न चालविता नुसता तपासला, त्यांनी ती त्याच्या मनात पेरली. बांगडीची किंमत उतरवून सांगणाऱ्या गृहिणीच्या मनात या दोन्ही एकत्र झालेल्या असतात आणि तिला त्या वेगळ्या करता येत नाहीत. ते काम अभ्यासकाचे आहे.

आपल्या विद्यापीठांतून ग्रामीण कुटुंबांच्या पाहण्या होतात आणि त्यांच्या तक्त्यांत ‘अनुत्पादक खर्च’ हे सदर आपण सहज घालतो. ते घालताना त्या शब्दाचे पूर्वज कोण, हे क्षणभर आठवावे. दख्खनच्या आयोगाने जो आरोप पुराव्यानिशी सौम्य केला, तो आपण पुराव्यावाचून पुन्हा लिहीत नाही ना, हे पाहावे. कामठ्याच्या बाजारात ‘चैन’ या एकाच शब्दाने एक जण विसावा मागतो आणि दुसरा त्याच शब्दाने त्याला दोष देतो. दिवसभर हजार विड्या वळून उठलेल्या बाईने घेतलेल्या चहाच्या पेल्याला कोणता अर्थ लावावयाचा, हा प्रश्न कोशकारापुढचा नाही. पाहणीचा तक्ता हाती घेऊन तिच्या दारात उभ्या राहणाऱ्या आपल्यापुढचा आहे.