पटाची जोडी आणि हौसेचा भाव

बाजारात येणाऱ्या वस्तूंचे ढोबळ मानाने दोन वर्ग पाडता येतात: गरजेच्या वस्तू आणि हौसेच्या वस्तू. गरजेच्या वस्तूचा भाव ठरवणे फारसे अवघड नसते. ती किती काम देईल, किती वर्षे देईल आणि मोडीत काढताना तिचे काय येईल, एवढा हिशेब केला की झाले. हौसेच्या वस्तूचे गणित मात्र निराळे असते. ती विकत घेताना माणूस हिशेब करत नाही, आणि विकायची वेळ आली म्हणजे हिशेबावाचून त्याला दुसरे काही सुचत नाही. आज जिच्यासाठी चार गावचे लोक वाट वाकडी करून येतात, ती वस्तू वयाने उतरल्यावर दुसरा कोणी घेईल काय, आणि घेतली तर कोणत्या भावाने, हा प्रश्न शर्यतीची मोटार बाळगणाऱ्या धनिकाला पडतो, तसाच तो भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावी पटाची बैलजोडी बाळगणाऱ्या शेतकऱ्यालाही पडतो. दोघांच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेली उत्तरे मात्र अगदी भिन्न आहेत. ती का भिन्न आहेत, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

बैल जुंपून शर्यत लावण्याची हौस आपल्याकडे किती जुनी आहे, हे सांगणारे दोन पुरावे येथे नमूद करण्याजोगे आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ व्या सूक्तात मुद्गल नावाच्या ऋषीच्या शर्यतीची कथा आली आहे. रथाला एका बाजूस बैल आणि दुसऱ्या बाजूस लाकडाचा दणकट सोटा जुंपलेला, सारथ्य करणारी मुद्गलाची पत्नी मुद्गलानी, आणि एवढ्या साधनांवर मिळवलेला जय, असा तो प्रकार आहे. सूक्ताचा नेमका अर्थ काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण बैलाचा रथ आणि पैज या दोन गोष्टी त्यात आहेत, याविषयी फारसा वाद नाही. दुसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातला आहे. गोदावरीच्या खोऱ्यात प्रवरेकाठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ साली तांब्याकाशाच्या चार वजनदार वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जोडलेला एक रथ आहे. रथात पुरुष उभा आहे, आणि पुढे दांडीवर एक कुत्रा आहे. उत्तर हडप्पा काळाशी या रथाचा संबंध जोडला जातो. काही तज्ज्ञांनी त्या कालनिर्णयावर शंकाही घेतली आहे. तो रथ शर्यतीचा होता असे कोणी म्हणू नये. तथापि बैलांचा रथ ही ओतकाम करून जपावी अशी वस्तू आहे, असे त्या कारागिराला वाटले, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

आता झाडीपट्टीकडे वळू. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा जो भाग या नावाने ओळखला जातो, त्यात लाखांदूर तालुक्यातील दिघोरी येते. तिला 'मोठी' हे विशेषण जोडण्याची रीत आहे. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. मालगुजारी काळात बांधलेल्या तलावांवर येथील धान पिकते, आणि धान निघाले की शेतकऱ्याच्या हाताला आणि बैलाच्या मानेला थोडी उसंत मिळते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, थंडीत शंकरपट भरतात, दिवसा पट आणि रात्री नाटक असा थाट उडतो. वडसा येथील नाटक मंडळ्यांचा हंगाम याच दिवसांत असतो. दिवसा पटाच्या दाणीवर जोड्या पाहायच्या, गावात पाहुणा म्हणून राहायचे आणि रात्री नाटकाला बसायचे, हा येथील लोकांचा वर्षाचा मोठा आनंद. मुलीला स्थळ पाहण्याची आणि देण्याघेण्याची बोलणीही याच गर्दीत उरकली जातात.

पटाची जोडी ही या साऱ्या उत्सवाची मानकरी. तिच्या हलक्या गाडीवर बसणारा धुरकरी निराळा, तिला खुराक घालणारा निराळा, आणि तिच्या नावावर मिशीला पीळ देणारा मालक निराळा असतो. कोठे दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात, कोठे एकेक जोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या अंशावर इनाम ठरते. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची जात अंगाने हलकी आणि चालीला तेज म्हणून नावाजलेली आहे. झाडीपट्टीच्या धानाच्या बांध्यांत राबणारे लहान चणीचे काटक जनावर आता 'कठाणी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले आहे. पटशौकीन मात्र जातीपेक्षा जनावराचा पाय आणि त्याचे काळीज पाहतो.

अशा जोडीचा भाव कसा बनतो? बैलबाजारात प्रथम तोंड उघडून दात पाहतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला, या पायऱ्यांनी वय कळते. मग खांदा, खूर, शिंगे, शेपटी आणि चाल पाहतात. दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी बोली करतो, ती या नेहमीच्या जनावरांची. पटाच्या बैलाच्या भावात याखेरीज आणखी तीन गोष्टी मिळतात. पहिली, त्याने किती पट मारले. दुसरी, त्याला जोडीदार कोण. कारण एकाच पायाचे दोन बैल मिळणे कठीण, आणि जोडी फुटली तर दोघांचे मोल उतरते. तिसरी, तो पळतो त्या पटांना येणारी गर्दी आणि इनाम. या तिन्हींमुळे नांगराच्या बैलाला हजारांत मिळणारी किंमत पटाच्या बैलाच्या बाबतीत लाखांच्या घरात जाते.

मात्र हा वरचा मजला वर्षे मोजून उभा असतो. बैलाचे पळण्याचे वय साधारणतः चौथ्या वर्षापासून दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंतचे. त्यानंतर तो आणखी सहासात वर्षे सहज जगतो. पण ती वर्षे पटाची नसतात. पूर्वी याची फारशी चिंता नसे. पटातून उतरलेला बैल नांगराला, वखराला, गाडीला लागे. हौसेची किंमत गेली तरी कामाची किंमत शिल्लक राहत असे. कामातूनही उतरला, तर बाजारात त्याचे चार पैसे येत. म्हणजे हौसेच्या मजल्याखाली कामाचा मजला होता, आणि त्याच्याखाली मोडीचे जोते होते. घसरण होती, पण पायऱ्यापायऱ्यांची.

आता मोटारीकडे पाहू. इटलीतील फेरारी कारखान्याने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या शर्यतीच्या अवघ्या ३६ मोटारी बनवल्या. अमेरिकेत नव्या गाडीची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. शर्यतीच्या मैदानात नवे आले की जुने लवकर मागे पडते. त्यामुळे त्या दशकाच्या अखेरीस यातील काही गाड्या थोड्या हजार डॉलरांत हातोहात गेल्या. तेव्हा त्या केवळ जुन्या, बिनकामाच्या शर्यतगाड्या होत्या. पुढे वारे फिरले. ज्या पोरांनी कुंपणाला चिकटून त्या पळताना पाहिल्या होत्या, ती पोरे मोठी झाली आणि त्यांतली काही श्रीमंतही झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात त्यांतील एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. हौसेच्या वस्तूचा भाव आधी उतरतो, तळाला जातो, आणि वस्तू तेवढा काळ टिकली तर पुन्हा चढतो, असा हा क्रम आहे. प्रत्येक जुन्या मोटारीचे असे होते असे नाही. शेकड्यांनी मोडीत जातात, तेव्हा एखादीला हे भाग्य लाभते. पण तळ गाठल्यावर वाट पाहण्याची मुभा मोटारीला असते. ती पडवीत झाकून ठेवता येते, तिला दाणावैरण लागत नाही, आणि तिचा तुटलेला भाग नव्याने घडवता येतो. बैलाला यातली एकही सवलत नाही.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत पटाच्या जोडीवर तीन आघात झाले. त्यांचा क्रम समजून घेतला पाहिजे.

पहिला आघात यंत्राचा, आणि तो हळूहळू झाला. ट्रॅक्टर आला, भाड्याने मिळू लागला, आणि चिखलणीपासून मळणीपर्यंत बैलाचे एकेक काम सुटत गेले. २०१२ च्या पशुगणनेत देशातील नर गोवंशाची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत शेकडा तीस घट. त्याच काळात गाईंची संख्या शेकडा अठराने वाढली. म्हणजे शेतकऱ्याचे गोठ्याकडे दुर्लक्ष झालेले नाही; त्याने बैल तेवढा वजा केला आहे. कामाचा मजला असा खचला.

दुसरा आघात परवानगीचा. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. त्यानंतर न्यायालयांत बरीच उघडझाप झाली, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने तीही रोखली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या बंदीला कारण नव्हते असे कोणत्याही प्रामाणिक पटशौकिनाला म्हणता येणार नाही. शेपटी पिरगाळणे, तुतारीचा खिळा टोचणे, याहून वाईट प्रकार पटावर होत असत, आणि ते थांबलेच पाहिजेत. परंतु आपला विषय भावाचा आहे, आणि त्या दृष्टीने हा काळ मोजून पाहावा. मे २०१४ ते डिसेंबर २०२१ म्हणजे साडेसात वर्षे. २०११ साली जन्मलेले खोंड २०१५ मध्ये पळण्याजोगे झाले आणि २०२१ मध्ये उतरणीला लागले. त्याचे सारे पटाचे आयुष्य बंदीतच गेले. मोटार साडेसात वर्षे झाकून ठेवली तर धूळ पुसून पुन्हा काढता येते; एवढ्या अवधीत बैलाची पिढी संपते. पट पुन्हा सुरू झाले, पण ज्यांनी विश्वासाने खोंड वाढवले होते त्यांच्यापैकी कित्येकांना ते सुरू होण्यातून काहीच मिळाले नाही.

तिसरा आघात जोत्याचा. १९७६ च्या राज्य कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण कामाला निकामी ठरलेल्या बैलाला दाखल्यावर सूट होती. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि बैल व वळू यांचीही कत्तल बंद झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. कायद्याचा हेतू गोवंशाच्या रक्षणाचा आहे, आणि त्यामागील श्रद्धेचा आदर केलाच पाहिजे. तथापि शेतकऱ्याच्या वहीत याचा अर्थ असा, की म्हाताऱ्या बैलाची बाजारातील शेवटची किंमत शून्यावर आली, आणि खुराकाचा खर्च मात्र चालू राहिला. शून्याच्या खाली जाणारा भाव असतो, हे त्याला तेव्हा कळले.

मोटारीच्या बाबतीतही कायदा भाव मारतो, हे खरे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून कित्येक दशके धावली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पण त्याच कायद्याने म्हाताऱ्या मोटारीला दुसरा दरवाजाही ठेवला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ रूप राखलेल्या खाजगी वाहनाची २०,००० रुपये भरून 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंद करता येते. ती दहा वर्षे चालते, पुढे ५,००० रुपयांत वाढते, आणि अशी गाडी रीतसर विकताही येते. रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शनाला आणि मिरवण्याला मुभा. म्हणजे कामातून निवृत्त झालेल्या यंत्राला राज्याने मानाची जागा दिली आहे. पटातून निवृत्त झालेल्या बैलाला अशी जागा नाही. २०१७ च्या नियमांत धाव १,००० मीटरपर्यंतच असावी, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, चाबूक-काठी वापरू नये, असा पळणाऱ्या बैलाचा विचार आहे. न पळणाऱ्याचा विचार मालकावर सोपवला आहे.

यावर उपाय सुचत नाहीत असे नाही. पटाच्या प्रवेशशुल्कातून आणि इनामांतून ठराविक हिस्सा राखून, उतरलेल्या जोड्यांच्या चाऱ्यासाठी गावकीचा निधी उभारता येईल. जेथे इनाम लाखांत वाटले जाते तेथे हा हिस्सा कोणाच्या अंगावर येणार नाही. पळालेल्या बैलांच्या वंशाची नोंद ठेवली, तर चांगल्या वळूला पैदाशीसाठी मोल येईल. खच्ची केलेल्या बैलाला तो मार्ग नाही, पण त्याच्या आईच्या आणि भावंडांच्या नोंदीला तरी अर्थ येईल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी बैल सजवून मिरवतात. घराण्यांतून चालत आलेले जुने लाकडी नंदी आज मोलाने जपले जातात, आणि जितके जुने तितका त्यांचा मान अधिक. लाकूड खात नाही आणि म्हातारे होत नाही. म्हणून ते मोटारीच्या वर्गात बसते. खऱ्या बैलाचे तसे नाही. दिघोरीकडच्या कित्येक गोठ्यांत आजही एखादी उतरलेली जोडी बांधलेली दिसेल. तिला गिऱ्हाईक नाही आणि पुढे येण्याची आशाही नाही. मालक तिच्यापुढे पेंढी टाकतो, पोळ्याला शिंगे रंगवतो, आणि कोणी भाव विचारला तर तिने मारलेल्या पटांची नावे सांगू लागतो.