शार्लटची सही

ठराव वहीवर सही करायची वेळ आली की आपल्यातली एखादी अजूनही म्हणते, "घरी विचारून उद्या करते गं." म्हणून आज अमेरिकेतल्या सह्या करणाऱ्या बायकांची गोष्ट सांगते.

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची शेती काळ्या गुलामांच्या कष्टावर चालायची. आईपासून तोडून लेकरं विकली जायची. याविरुद्ध उत्तरेकडच्या बायका दारोदार हिंडून अर्जावर सह्या घ्यायच्या. त्यांना मत नव्हतं. लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा कायद्यानं नवऱ्याची. सही तेवढी आपली! अर्ज इतके आले, की 1836 मध्ये संसदेच्या खालच्या सभागृहानं ते चर्चेला घ्यायचेच नाहीत असं ठरवलं. ही बंदी 1844 पर्यंत टिकली. बायका काही थांबल्या नाहीत.

तिकडे देश वाढत होता. मेक्सिकोशी लढाई करून 1848 मध्ये अमेरिकेनं कॅलिफोर्नियासकट मोठा मुलूख घेतला. तिथं आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना कोणी विचारलं नाही. पण रान घेतलं की बांधाचं भांडणही घरात येतं. या नव्या जमिनीवर गुलाम ठेवायचे की नाही? हा वाद पेटत गेला आणि 1861 मध्ये घरातलंच युद्ध सुरू झालं. चार वर्षांत सहा लाखांहून जास्त सैनिक मेले.

त्याच 1848 च्या जुलैत सेनेका फॉल्स गावात बायकांच्या हक्कांसाठी सभा भरली. (आपल्याकडे त्याच साली जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.) एलिझाबेथ स्टँटनबाईंनी मताचा हक्क मागितला, तेव्हा सोबतच्या बायकाही दचकल्या. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस त्यांच्या बाजूनं बोलले आणि ठराव पास झाला. 68 बायका आणि 32 पुरुषांनी सही केली. पेपरवाल्यांनी टिंगल केल्यावर काहींनी ती मागेही घेतली.

युद्धाच्या काळात स्टँटनबाई आणि सुसान अँथनी यांनी गुलामी बंद करा म्हणून जवळजवळ चार लाख सह्या जमवल्या. पहिल्या लाखभर सह्यांचे गठ्ठे दोन काळ्या माणसांनी उचलून संसदेत नेले. 1865 मध्ये गुलामी कायद्यानं संपली. जोतिबांनी आपलं 'गुलामगिरी' पुस्तक याच कामासाठी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलंय.

आणि मग गट फुटला. मत काळ्या पुरुषांना मिळणार, बायकांना नाही, असं दिसलं. ल्युसी स्टोन म्हणाल्या, मिळतंय ते आधी पदरात घेऊ. स्टँटनबाई चिडल्या आणि काळ्या पुरुषांबद्दल वाईटसाईट बोलल्या. राग मला समजतो, ते बोलणं नाही पटत. ज्यांच्यासाठी चार लाख सह्या गोळा केल्या, त्यांनाच हिणवायचं? आणि काळ्या बायकांनी जायचं कुठं? 1869 मध्ये दोन वेगळ्या संघटना झाल्या, त्या एक व्हायला 1890 उजाडलं.

सेनेका फॉल्सला सही करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची एक पोरगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची. घरी बसून हातमोजे शिवायची आणि मजुरी घरच्यांच्या हातात जायची. 1920 मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा त्या सह्यांपैकी ती एकटीच हयात होती, नव्वदीची. पण निवडणुकीच्या दिवशी आजारी होती. मत द्यायला जाता आलं नाही.