बिनतारी गिअर आणि शहापूर-मुरबाडच्या वाटा : एक ऐतिहासिक आढावा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूरच्या बाजूस कसारा घाट आणि माहुलीचा किल्ला. मुरबाडच्या बाजूस माळशेज आणि सातवाहनकाळापासून जुन्नरला कोकणाशी जोडणारा नाणेघाट. घाटाखालील मुरमाड चढ, जंगलातील पाऊलवाटा, भातखाचरांचे बांध आणि पावसाळ्यातील चिखल ही क्रॉस-कंट्री माउंटन बाइकची खरी परीक्षा होय. अशा भूमीवर या सायकलचा दुबळा दुवा म्हणजे गिअरची वायर. प्रस्तुत लेखात या वायरीच्या उदयास्ताचा विचार केला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही यांनी अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि 'तूर द फ्रान्स' शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. तत्पूर्वी चढ आला की स्वार खाली उतरून मागचे चाक उलटे बसवीत असत! पुढे १९८४ मध्ये शिमानो कंपनीने प्रत्येक खटक्यास एक गिअर ही पद्धत यशस्वी केली आणि येथेच वायरीची अडचण वाढली, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. वायर ओढली की डिरेलर सरकतो, सैल सोडली की स्प्रिंग त्याला मागे आणते. आवरणात चिखल शिरून घर्षण वाढले की स्प्रिंगचे बळ अपुरे पडते. मागील दातचक्रे पाचसहांवरून बारापर्यंत गेली, तसतशी चुकीला मिळणारी जागा आकुंचित होत गेली.

माविक कंपनीने १९९९ मध्ये रस्त्यावरील सायकलींसाठी बिनतारी गिअर आणला, परंतु तो टिकला नाही. २०१४ मध्ये शिमानोने माउंटन बाइकसाठी विजेवर चालणारा गिअर दिला. त्यात विजेची तार होतीच. अमेरिकेतील स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये 'ईगल ॲक्सेस' प्रणालीद्वारे ती तारही काढून टाकली. हँडलवरील कळ रेडिओसंदेश पाठविते आणि डिरेलरमधील छोटी मोटर साखळी सरकविते. दगडाचा आघात झाल्यास मोटरची जोडणी क्षणभर सुटते व डिरेलर पूर्वस्थानी येतो. शिमानोनेही २०२५ मध्ये माउंटन बाइकसाठी बिनतारी प्रणाली आणली.

चिखलाच्या प्रदेशास हे तंत्र निःसंशय अनुकूल आहे. मात्र दुरुस्तीची बाजू निराळी आहे. वायर स्वस्त असून ती बदलण्याचे कसब गावातील साध्या दुकानातही आढळते. मोटर बिघडल्यास ती अधिकृत विक्रेत्याकडेच न्यावी लागते. तालुक्यातील होतकरू स्पर्धकाच्या दृष्टीने हा फरक किमतीइतकाच निर्णायक ठरतो. डिरेलरची बॅटरी एकदा भरल्यावर साधारण वीस तास चालते. ती चढावर संपली, तर साखळी ज्या दातचक्रावर असेल तेथेच राहते. त्याच कंपनीचा बिनतारी सीटपोस्ट सायकलला असल्यास त्यातील बॅटरी काढून डिरेलरला लावता येते व घरापर्यंतची वाट सुकर होते.