यंत्रमानवांची दहीहंडी

ह्या महोत्सवी स्मरणिकेंत आमच्या धर्मग्रामाचा वृत्तांत इतर लेखकांनीं लिहिला आहे. आम्हांस मात्र वाचकांपुढें एका खेळाचा इतिहास ठेवावयाचा आहे. त्यास निमित्त असें झालें. गेल्या हिंवाळ्यांत वसतिगृहांतील मुलामुलींनीं पुठ्ठे, सायकलीच्या तारा, बाटल्यांचीं झांकणें व मोडक्या खेळण्यांतील मोटारी जमवून दोन गाडे तयार केले, आणि जेवणाच्या खोलींत त्यांचा सामना लावला. पंच म्हणून आम्हांस बसविलें. एक गाडा पांच हात चालून उलटला. दुसरा भिंतीस टेकून तेथेंच घरघरत राहिला. निकाल काय द्यावा हें आम्हांस सुचेना. इतक्यांत उलटलेला गाडा सरळ करावयास प्रतिपक्षाचाच एक मुलगा धांवला, तेव्हां आम्हीं त्याच्या पक्षास विजयी ठरविलें. ह्यावर पुष्कळ वाद झाला. तो शमल्यावर एकानें विचारलें, "फादर, रोबो म्हणजे काय हो?"

उत्तर शोधूं जातां प्रथम एक नाटक हातीं आलें. कारेल चापेक नांवाच्या चेक लेखकानें 1920 सालीं 'आर. यू. आर.' हें नाटक प्रसिद्ध केलें, व 1921 च्या जानेवारींत तें प्राग येथील रंगभूमीवर आलें. कारखान्यांत घडविलेलीं, न थकतां राबणारीं कृत्रिम माणसें हा त्याचा विषय. त्यांस नांव काय द्यावें हें चापेकास सुचेना. तें त्याच्या बंधूनें, योसेफ ह्या चित्रकारानें सुचविलें. चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें सक्तीनें करावयाचें काम. तिकडे ही पद्धति 1848 सालीं कायद्यानें बंद झाली, पण शब्द राहिला. आपल्या भाषेंत त्यास नेमका शब्द आहे: वेठ.

मुलांस हा अर्थ समजावून देतांना आम्हांस फार बोलावें लागलें नाहीं. हा जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत वेठ ही गांवोगांवची नित्याची गोष्ट होती. वेठबिगार बंद करणारा कायदा साऱ्या देशासाठीं झाला तो 1976 सालीं. तरीही दसरा उलटला कीं येथील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून हिशेबांत एक 'कोयता' धरला जातो, व उचल फिटेपर्यंत फडाबाहेर पाय काढतां येत नाहीं. माणसाची गणना हत्याराच्या नांवानें व्हावी, हें आम्हांस चापेकच्या नाटकाहून फार दूरचें वाटत नाहीं. आमच्या वसतिगृहांतील बहुतेक मुलें ह्याच घरांतलीं होत.

वेठीचें नांव घेऊन जन्मास आलेली ही वस्तु खेळांत कशी शिरली, ती कथा मात्र निराळी आहे, आणि आमच्या मतें अधिक सुखाची आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या प्रसिद्ध संस्थेंत वुडी फ्लॉवर्स नांवाचे अध्यापक होते. 1970 नंतरच्या वर्षांत त्यांच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस किरकोळ सामानाचा एकेक संच मिळे. त्यांतून प्रत्येकानें यंत्र बनवावें व वर्षाअखेर सर्वांनीं आपापलीं यंत्रें एकमेकांपुढें उभीं करावीं, असा परिपाठ पडला. जपानांत तोकियोच्या तंत्रविद्यापीठांत मासाहिरो मोरी ह्यांनीं असाच एक प्रयोग केला. त्यांचें कोडें साधें होतें: टॉर्चमध्यें घालतात तसे मोठे दोन सेल घ्या, आणि तेवढ्या शक्तीवर एका माणसास वाहून नेणारी गाडी करा. आमच्या मुलांस हें खरें वाटेना. त्यांनीं दोन सेल तळहातावर घेऊन बराच वेळ वजन पाहिलें.

मोरी ह्यांच्या प्रेरणेनें 1988 सालीं जपानच्या नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थेनें तंत्रविद्यालयांची वार्षिक स्पर्धा सुरू केली. तिचें नांव रोबोकॉन. त्या स्पर्धेंतील एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली. तेथें सर्वांत थोर मान विजेत्याचा नव्हे. उत्तम कल्पनेस जो महापुरस्कार देतात त्याचा आहे, व तो हरलेल्या संघासही मिळूं शकतो. (जेवणाच्या खोलींतील आमचा निकाल अगदींच निराधार नव्हता, हें मुलांस आम्हीं लगेच सांगितलें.) पुढें 2002 पासून आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील प्रसारणसंस्थांच्या संघानें हीच स्पर्धा देशादेशांमध्यें भरविण्यास आरंभ केला. पहिली तोकियोस झाली. आपल्याकडे दूरदर्शननें तिचा भार उचलला.

ह्या आंतरराष्ट्रीय खेळाची रीत अशी कीं, यजमान देशानें कोडें घालावें, व तें आपल्या लोकांच्या कथांतून वा खेळांतून घ्यावें. 2004 सालीं सेऊल येथें ताटातूट झालेल्या दोन प्रेमी जीवांची लोककथा निवडली गेली. 2010 सालीं कैरो येथें यंत्रांनीं पिरॅमिड रचले. 2008 सालीं पाळी पुण्याची आली, आणि आपल्या लोकांनीं जगापुढें गोविंदा ठेवला.

31 ऑगस्ट 2008 रोजीं, गोकुळाष्टमीच्याच महिन्यांत, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी आपापलीं यंत्रें घेऊन उतरले. लोणी उंचावर ठेवलेलें. कांहीं यंत्रें माणसानें चालवावयाचीं, कांहीं आपल्याच बुद्धीनें चालणारीं. एका यंत्रानें दुसऱ्यास वर उचलावें व त्यानें लोणी काढावें. दहीहंडीच्या थरांत खालचा गडी खांदा देतो तेव्हां वरचा पोर हात घालतो, तेंच हें. सामना अवघा तीन मिनिटांचा. वर्षभर रात्री जागून केलेलें यंत्र एखादी तार सैल झाली म्हणून जागच्या जागीं थिजतें, आणि तीन मिनिटें संपतात. त्या वर्षीं विजय चीनमधील शिआन नगराच्या जिआओतोंग विद्यापीठाचा झाला. गोविंदा ज्यांनीं कधीं पाहिला नसेल त्यांनींच हंडी फोडली, ह्यांत आम्हांस खेद वाटत नाहीं. पाहुण्यानें आपला खेळ शिकावा, ह्याचा आनंदच आहे.

2014 सालीं स्पर्धा पुन्हां पुण्यास आली. ह्या वेळीं विषय आईबापांच्या ममतेचा होता. एक यंत्र पालकाचें, एक बालकाचें; पालकानें बालकास सीसॉवर, झोपाळ्यावर न्यावें, खांबांवरून चालवावें, आणि शेवटीं चढण्याच्या सांगाड्यावर सोडावें. सर्व कामें पुरीं करणाऱ्या संघाच्या विजयास आपल्या भाषांतला 'शाबास' हा शब्द ठेवला होता. तो मान व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठानें मिळविला. 2022 सालीं दिल्लीस तर यंत्रांनीं लगोरी मांडली. आपल्या लहानपणीं सात ठिकऱ्या असत; त्यांच्या वांट्यास पांच आल्या.

पुणें-मुंबईच्या विद्यालयांतून ह्या छंदाचीं मंडळें आहेत. 1854 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही असें मंडळ आहे. शाळांसाठीं 2016 पासून केंद्र सरकारची अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आहे; निवडलेल्या शाळेस वीस लाखांपर्यंत साहाय्य मिळतें. तरी जें मूल दसऱ्याला गांव सोडून पाडव्याच्या सुमारास परततें, त्यास प्रयोगशाळेचा दरवाजा कोणत्या महिन्यांत उघडा सांपडावयाचा, हें आम्हांस योजनेच्या कागदांत दिसलें नाहीं. इकडे ऊस तोडणारीं मोठालीं यंत्रें फडांत उतरूं लागलीं आहेत. एकेकाची किंमत कोटीच्या घरांत. लहान, आंखूड सऱ्यांच्या रानांत तीं नीट फिरत नाहींत, म्हणून कोयता अजून टिकून आहे; पण घरोघरीं बोलणें निघतें. वेठ सुटेल म्हणून कांहीं हर्ष करितात, भाकर सुटेल म्हणून कांहीं रडतात, आणि बहुधा तीं एकाच घरचीं माणसें असतात.

हें सारें सांगून झाल्यावर मुलांनीं आपसांत खल सुरू केला: बीडकरांनीं यंत्रांस कोणता खेळ द्यावा? कोणी विटीदांडू म्हणाला, कोणी सूरपारंबी. आठवीतील एक मुलगी म्हणाली, "उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्यें चढणारं यंत्र करूं." पोरें हंसलीं, हा काय खेळ झाला, म्हणालीं. ती म्हणाली, "आई रोज चढते."

थोड्या वेळानें एकानें विचारलें, फळी किती लांब असते? तिनें विचार न करितां सांगितलें, "आईचीं सात पावलं, माझीं नऊ."

दुसऱ्या दिवशीं आम्ही जेवणाच्या खोलींत गेलों, तों एक बाक भिंतीस तिरका लावून ठेवलेला होता, आणि त्याच्या पायथ्याशीं तो उलटलेला गाडा उभा होता.