आडव्या सायकलीचा निकाल

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल, असे शेतकरी म्हणत. निकाल मात्र जमिनीने दिला. परभणीच्या काळ्या मातीत राहणाऱ्या आपणांस तो निराळा सांगावयास नको.

फ्रान्समधील शार्ल मोशे याच्या वाट्यास असा निकाल आला नाही. सायकलवरून मूल पडेल, ही आईची धास्ती. म्हणून त्याने मुलाला पायांनी चालवावयाची चारचाकी करून दिली. तिच्यातूनच पाठ टेकून, पाय पुढे करून हाकावयाची दुचाकी निघाली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसला फ्रान्सिस फोर हा दुय्यम दर्जाचा स्वार तिच्यावरून तासात ४५ किलोमीटरांहून थोडा अधिक गेला. ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पाय माणसाचेच होते. आडवे अंग वाऱ्याला कमी अडत होते, इतकेच.

१९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी केली की, हे वाहन शर्यतींतून बाद झाले. हरलेल्याने नियम बदलावा, तसेच हे आम्हांस वाटते. मोशे त्याच वर्षी वारला. त्याचा मुलगा जॉर्ज याने गाड्या बांधण्याचे काम पुढे चालविले.